डोळा, जीवा आणि शर
तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी

शीर्षक वाचून हे गणिताचं पान आहे असं समजून ज्यांनी पान उलटलं ते सुटले. जे थांबले त्यांना आधीच सांगते, हा लेख पापणीच्या केसांना बाक देणाऱ्या चिमट्यावर आहे. बाजारात त्याला आयलॅश कर्लर म्हणतात. मुलगे मंडळींनो, आता तरी उलटतो म्हणू नका. दरवर्षी गॅदरिंगच्या नाटकात स्त्रीपात्र करणारा तुमच्यापैकीच कोणीतरी आमच्या विंगमधून हे यंत्र उसनं नेतो आणि परत देताना त्यातलं रबर गायब असतं. त्या रबरापासूनच ही गोष्ट सुरू होते.

गॅदरिंगच्या आदल्या संध्याकाळची वेळ. माझी रूममेट ईएनटीसीची, दुसऱ्या दिवशी सूत्रसंचालन तिच्याकडे. साडी इस्त्री करून झालेली, कार्डांवर निवेदन लिहून झालेलं. म्हटलं, एकदा रंगीत तालीम करू. विंगमध्ये अख्ख्या मजल्यासाठी म्हणून एकच कर्लर होता, कधीकाळी कोणा सीनियरने मागे ठेवलेला. तिने तो उजव्या डोळ्याला लावला, दाबला, आणि "आई गं!" करून खाली बसली. बेसिनच्या पांढऱ्या कडेवर केस पडले होते. आम्ही इंजिनियर, त्यामुळे पहिली गोष्ट काय केली असेल तर मोजले. नऊ. रबर नसल्यामुळे पत्र्याच्या दोन कडा एकमेकींना भिडल्या होत्या आणि चिमट्याची कात्री झाली होती. पापणीच्या मधोमध दात पडल्यासारखी फट दिसत होती.

ती रडली, पण त्या नऊ केसांसाठी नाही. म्हणाली, "माझे डोळेच असले आहेत. बारावीपासून बघतेय, कुणाचाही कर्लर घेतला तरी कडेला चिमटा बसतो आणि मधले केस तसेच्या तसे. मला हे शोभतच नाही. उद्या दुसऱ्या कोणाला तरी उभं कर." सहा सेमिस्टर एकत्र राहून मला हे माहीत नव्हतं. ही मुलगी कधी काजळाशिवाय दुसरं काही लावत नाही, ते मी तिचा साधेपणा समजत होते.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खोलीतली आमची इम्फाळची सीनियर बादली मागायला आली. तिचं मराठी मेसच्या मावशींकडून शिकलेलं, त्यामुळे मोजकं आणि रोखठोक. तिने बेसिन पाहिलं, कर्लर उचलून उजेडात धरला, रूममेटला डोळे मिटायला लावले आणि म्हणाली, "तुझा डोळा बरोबर हाय. हा कर्लर चुकीचा हाय." मग खोलीत जाऊन स्वतःचा घेऊन आली. दोन्ही एकावर एक ठेवले तेव्हा आमचे डोळे उघडले. तिचा कितीतरी कमी वाकडा होता, जवळजवळ सपाट. तिच्या मोठ्या बहिणीने आणलेला जपानी, शिसेइडो कंपनीचा, २१३ नंबरचा. तीन वर्षं आम्ही तिच्या खोलीत फक्त मिरचीच्या लोणच्यासाठी गेलो होतो. तिच्या डोळ्यांवरून पहिल्या वर्षी मुलांनी (आणि खरं सांगायचं तर आमच्यापैकीही काहींनी) ठेवलेलं नाव इथे लिहीत नाही. पण अख्ख्या विंगमध्ये या विषयातलं काही कळत असेल तर ते तिलाच, हे त्या दिवशी समजलं.

आता यंत्राकडे वळू. हे यंत्र काही आजचं नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये 'कर्लॅश' नावाने ते १९२० आणि १९३० च्या दशकांत विकलं जायचं, आणि मूळ रचना आजही फारशी बदललेली नाही. कात्रीसारख्या दोन मुठी, मधे खिळा. वर एक वक्र चौकट, ती स्थिर. खाली रबराची पट्टी बसवलेला जबडा, तो दोन उभ्या दांड्यांवरून वर सरकतो. मुठी बऱ्याच जवळ आणाव्या तेव्हा जबडा थोडासाच सरकतो. तरफेचा नियम सगळ्यांना पाठ आहे: अंतर कमी झालं की बल वाढतं. म्हणजे बोटांना जो दाब हलका वाटतो तो पापणीला हलका नसतो. 'अजून थोडं दाबू, म्हणजे जास्त वळेल' हा विचार मनात आला की हे आठवावं.

बाक टिकतो कसा? केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्यातले काही बंध पक्के असतात, तर हायड्रोजन बंध कच्चे. दाबाने आणि उष्णतेने हे कच्चे बंध तुटतात आणि नव्या आकारात पुन्हा जुळतात. ओलावा लागला की परत सुटतात. म्हणूनच पावसाळ्यात सकाळी दिलेला बाक दुसऱ्या लेक्चरपर्यंत उतरलेला असतो. त्यात तुमचा काही दोष नाही. पार्लरमध्ये रसायन लावून जो बाक देतात त्यात पक्के बंध तोडून पुन्हा जोडतात, म्हणून तो काही आठवडे टिकतो. ते काम रूमवर करायचं नाही, एवढंच त्याबद्दल.

आता मुख्य मुद्दा, मापाचा. चपलेचा नंबर विचारल्याशिवाय आपण चप्पल घेत नाही. कर्लर मात्र डबीवरचा फोटो बघून घेतो.

कर्लरच्या चौकटीची आतली बाजू डोळ्याच्या गोलाईवर बसायला हवी. डोळा म्हणजे बुबुळासकट आत बसलेला गोळा, आणि त्यावर ताणलेली पापणी म्हणजे एक वक्र कड. ही कड प्रत्येकीची वेगळी. कर्लर डोळ्यापेक्षा जास्त वाकडा असेल तर त्याची दोन टोकं आधी टेकतात, नाकाकडचं आणि कानाकडचं. तिथली कातडी चिमट्यात सापडते आणि मधे पोकळी राहते. मधले केस मुळाशी न धरता अर्ध्यावर धरले जातात, त्यामुळे बाक न येता काटकोनात मोडल्यासारखे दिसतात. माझ्या रूममेटची तक्रार शब्दशः हीच होती. उलट कर्लर डोळ्यापेक्षा सपाट असेल तर मधला भाग आधी टेकतो, पापणीचा मधला मांसल भाग चिमटतो, आणि कडेचे केस जबड्यात येतच नाहीत. तुम्हाला चिमटा नेमका कुठे बसतो ते आठवून बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

उरलेल्या निम्म्यासाठी मोजमाप लागतं, आणि त्यासाठी आपल्याकडे नऊशे वर्षांपूर्वीची सोय आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे साधारण ११५० साली, वर्तुळाच्या तुकड्यावरून अख्ख्या वर्तुळाचा व्यास काढायची रीत दिलेली आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळात त्यांच्या वंशजांचा शिलालेख आहे, त्यामुळे खानदेशातल्या वाचकांनी इथे कॉलर ताठ करायला हरकत नाही. कमानीच्या दोन टोकांना जोडणारी रेघ ती जीवा. जीवेच्या मध्यापासून कमानीच्या माथ्यापर्यंतचं अंतर तो शर. धनुष्याची दोरी आणि त्यावर लावलेला बाण डोळ्यासमोर आणा, नावं आपोआप लक्षात राहतात. अर्ध्या जीवेचा वर्ग करा, शराने भागा, त्यात शर मिळवा. आला व्यास. त्याच्या निम्मी त्रिज्या.

डोळ्याची जीवा आणि शर मोजायचे कसे? आम्ही ईएनटीसीच्या लॅबमधली प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली एकतारी वायर वापरली. वीतभर तुकडा घ्या, दोन्ही टोकं बाहेरच्या बाजूला गोल मुडपा म्हणजे टोचणार नाहीत. साबणाने धुऊन कोरडी करा. डोळा मिटा. उघड्या डोळ्याजवळ वायर न्यायची नाही, हे ओरडून सांगतेय. पापणीच्या केसांच्या मुळाशी ती हलकेच टेकवून डोळ्याच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत वळवा. दाबू नका, फक्त आकार घ्या. मग ती तशीच उचलून आलेख कागदावर ठेवा आणि पेन्सिलने गिरवा. दोन-तीनदा करा, कारण पहिलं रीडिंग चुकतंच, हे जर्नल लिहिणाऱ्यांना सांगायला नको.

माझी जीवा निघाली ३० मिलीमीटर आणि शर ५. १५ चा वर्ग २२५, भागिले ५ म्हणजे ४५, अधिक ५ म्हणजे ५०. त्रिज्या २५. रूममेटची जीवा ३२, शर ३. १६ चा वर्ग २५६, भागिले ३, अधिक ३, म्हणजे ८८ च्या वर थोडं. त्रिज्या ४४! मग विंगचा तो कुप्रसिद्ध कर्लर गिरवला: जीवा ३४, शर ६, त्रिज्या २७. मला तो बऱ्यापैकी बसत होता, म्हणून तिची तक्रार मला कधी कळलीच नाही. मी तिला वर सल्ले देत होते, "अगं, हात स्थिर ठेव." २७ ची कमान ४४ च्या डोळ्यावर ठेवली तर तिच्या ३२ मिलीमीटरच्या रुंदीत मधे दोन मिलीमीटरहून जास्त पोकळी राहते. वरच्या पापणीचा केस असतो ८ ते १२ मिलीमीटरचा. त्यातले दोन सोडून धरलं तर मुळाशी बाक येणार कुठून? हात स्थिर ठेवून काही होणार नव्हतं.

दुकानात डोळ्याला लावून बघायला देत नाहीत, आणि दिलं तरी लावू नका, कारण आधी कोणाकोणाचे डोळे त्यात गेलेत ते माहीत नसतं. त्यावर वर्कशॉपमधली युक्ती. फिटिंग शॉपमध्ये रेडियस गेज पाहिलंय ना? गिरवलेला वक्र जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यावर उतरवा आणि कात्रीने कापा. झालं तुमचं स्वतःचं गेज. ते पर्समध्ये टाकून दुकानात जा आणि कर्लरच्या चौकटीत आतून लावून बघा. एखाद्या मिलीमीटरचा फरक असेल तर चालवून घ्या, आम्ही घेतो. दोनचा असेल तर मुकाट्याने परत ठेवा. दुकानदार विचित्र नजरेने बघतील. बघू देत.

सगळ्या खोल्या फिरून बावीस जणींची मापं घेतली, त्यातून काही ठोकताळे बांधता आले. ज्यांचे डोळे टपोरे, थोडे पुढे आलेले, त्यांचा शर मोठा. त्यांना जास्त वाकडा आणि ज्याच्या चौकटीचं तोंड जरा उंच उघडतं असा कर्लर लागतो, नाहीतर पापणीच चौकटीवर घासते. ज्यांचे डोळे सपाट बसलेले किंवा पापणीवर घडी नसलेले, त्यांना कमी वाकडा आणि रुंद. बदामी डोळ्यांच्या मुली नशीबवान, त्यांना बाजारातलं जवळजवळ काहीही चालतं आणि म्हणून त्या बाकीच्यांना अक्कल शिकवतात (मीही त्यातलीच). छोट्या डोळ्यांना रुंद कर्लर नाकाच्या हाडाला अडतो. त्यांच्यासाठी अर्ध्या रुंदीचे छोटे कर्लर मिळतात, दोन-तीन वेळा सरकवत वापरायचे. ज्यांच्या डोळ्यांचे बाहेरचे कोपरे खाली झुकलेले, त्यांनीही तो छोटाच घ्यावा आणि फक्त बाहेरच्या केसांवर वापरावा, मधे वापरला तर झुकाव जास्तच उठून दिसतो.

सगळ्यात अवघड दोन प्रकार. एक खोल डोळे: भुवईचं हाड पुढे आल्यामुळे कर्लरची वरची चौकट हाडाला टेकते आणि जबडा मुळापर्यंत पोचतच नाही. इथे वक्रता कितीही जुळली तरी उपयोग नाही. चौकटीची वरची पट्टी बारीक असलेला, शक्य तर कडेच्या दांड्या नसलेला कर्लर शोधावा. दुसरा प्रकार जड पापणी, म्हणजे वरची घडी केसांवर उतरून मुळं झाकते. त्यांनी आरसा हनुवटीच्या खाली धरून खाली बघावं. घडी ताणली जाते, मुळं दिसतात, मग चिमटा धरावा. आमच्या बॅचमधल्या एकीने ही एक गोष्ट केली आणि तिला नवा कर्लर घ्यावाच लागला नाही.

वक्र जुळूनही केस वळत नसतील तर प्रश्न डोळ्याच्या आकाराचा नाही, केसांचा आहे. सरळ, ताठ आणि खाली वळलेले केस असले की बॅटरीवर चालणारे गरम कर्लर जास्त कामाला येतात, पॅनासॉनिकसारख्या कंपन्या ते बनवतात. मात्र साधा कर्लर मेणबत्तीवर किंवा लायटरवर तापवायचा नाही. धातू किती तापलाय ते डोळ्याने कळत नाही आणि पापणीची कातडी शरीरात सगळ्यात पातळ कातड्यांपैकी आहे. एरंडेल तेल लावून रात्री झोपणाऱ्यांनी सकाळी चेहरा नीट धुतल्याशिवाय कर्लर उचलू नये. तेलकट केस बाक धरत नाहीत. आणि पापणीचे केस जर आत वळून बुबुळाला टोचत असतील, डोळा सारखा लाल होऊन पाणी येत असेल, तर ते कर्लरचं काम नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांचं आहे.

वापरायची रीत थोडक्यात. आधी कर्लर, मग मस्कारा, कधीही उलट नाही. मस्कारा लावलेले केस रबराला चिकटतात आणि चिमटा काढताना उपटून येतात. मुळाशी धरा, पाच ते दहा सेकंद, मग पूर्ण उघडूनच बाजूला घ्या. ओढायचं नाही. मग मधे, मग टोकाशी, प्रत्येक वेळी दाब कमी करत. लेन्स वापरत असाल तर आधी लेन्स घाला. चष्मेवाल्यांना जाताजाता एक फायदा सांगते: ज्यांचे लांब केस काचेला घासून डाग पाडतात, त्यांचा तो त्रास बाक दिल्यावर कमी होतो. आमच्या वर्गात सोडा बाटलीवाले चष्मे पाहता ही माहिती मुलांनाही उपयोगी पडावी.

आणि ते रबर. रबराच्या मधे केसांच्या दाबाने बारीक खाच पडते. नखाने चाचपून बघा. खाच लागली की रबर बदला, न लागली तरी रोजच्या वापरात दोन-तीन महिन्यांनी बदला. खाचेत केस अडकून तुटतात. नवा कर्लर घेताना जादा रबर सोबत मिळतं की नाही ते बघा, शंभर-दीडशेच्या कर्लरमध्येही पुष्कळदा मिळतं. पापणीला खाज सुटून लाल चट्टे येत असतील तर कर्लरवरच्या निकेलच्या मुलाम्याची किंवा रबराची ॲलर्जी असू शकते. मग सिलिकॉनचं रबर आणि स्टेनलेस स्टीलचा किंवा प्लॅस्टिकचा सांगाडा असलेला घ्यावा.

एक कर्लर अख्ख्या विंगमध्ये फिरवणं मात्र आम्ही बंद केलंय. एकीला रांजणवाडी झाली की मजल्यावर रांगच लागायची आणि आम्ही दोष द्यायचो अभ्यासाच्या जागरणाला. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली तेव्हा बहुतेक सगळ्या होस्टेलना टॉवेल आणि काजळ वेगळं ठेवायची आठवण झाली, कर्लरची कोणाला झाली नाही. आता ज्याचा त्याचा कर्लर, आणि आठवड्यातून एकदा स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, रबर साबणाने धुऊन वाळवायचं.

असल्या क्षुल्लक केसांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं आमच्या एका सरांनी हा लेख तपासताना विचारलं. त्यांच्यासाठी: जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१५ साली बावीस जातींच्या सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या आणि कृत्रिम डोळा करून छोट्या पवनबोगद्यात ठेवला. केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश असली की डोळ्यावरून जाणारी हवा सगळ्यात चांगली अडते, ओलावा टिकतो, धूळ कमी बसते. त्याहून लांब असली तर उलट हवा आत ओढली जाते. ३० मिलीमीटरच्या डोळ्याला १० मिलीमीटरचा केस. निसर्गाने डिझाइन व्यवस्थित केलेलं आहे, म्हणून ते कात्रीने तोडू नये. सरांनी पुढे काही विचारलं नाही.

रूममेटने सूत्रसंचालन केलं. त्या दिवशी बाक दिला नाही, जखम ताजी होती. फटीवर काजळाची जाड रेघ ओढली आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनाही काही दिसलं नाही. गेलेले केस भरून यायला दोनेक महिने लागले. तोवर आम्ही गेज घेऊन तीन दुकानं पालथी घातली आणि तिसऱ्यात तिच्या ४४ च्या जवळ जाणारा एक साधासा कर्लर सापडला. पहिल्या वेळी तिने तो लावला तेव्हा इम्फाळची ताई शेजारी उभी होती. मधले केस वर आले. कडेला चिमटा बसला नाही. ती बराच वेळ आरशात काही न बोलता बघत राहिली. मग ताईला म्हणाली, "लोणचं आहे का गं?"

मापं घेण्याचा कार्यक्रम चालू असताना रात्री अकराला रेक्टर मॅडम आल्या होत्या. कॉरिडॉरमध्ये दहा-बारा मुली डोळे मिटून बसलेल्या, मधे वायरचे तुकडे, आलेख कागद आणि पट्ट्या. आम्हाला वाटलं, आता पालकांना फोन. मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं, एक गेज हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग चष्मा काढून खुर्चीवर बसल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या, "माझंही घ्या."

जीवा ३१, शर ४. त्रिज्या ३२.